चाहा: इबेराच्या पाणथळीचा राखणदार

पाणवठा (धागाकर्ता)

अर्जेंटिनाच्या ईशान्येला, कोरिएन्तेस प्रांतात इबेराची पाणथळ आहे. हल्ली ती जग्वारमुळे बातम्यांत असते. सत्तरएक वर्षं त्या प्रांतात जग्वार उरला नव्हता. २०२१ च्या जानेवारीत मारिउआ नावाची मादी आणि तिची दोन पिल्लं तिथे मोकळी सोडली, आणि तेव्हापासून जाणारा प्रत्येक जण दुर्बिणीतून ठिपके शोधत असतो. मी नोकरीनिमित्त ब्वेनोस आयरेसला असतो, पक्ष्यांचं वेड जुनं आहे, आणि इबेराला गेलं की माझी नजर चाहावर खिळते. ज्याचं अंग पिसापासून हाडापर्यंत दलदलीसाठी घडलंय असा हा पक्षी, पण 'तो काय, सगळीकडेच दिसतो' म्हणून त्याच्यापाशी कुणी थांबत नाही. मला ते फार खटकतं, म्हणून हा धागा.

शास्त्रीय नाव चाउना टॉर्क्वाटा. लांबी ८० ते ९५ सेंटीमीटर, वजन चार किलोच्या आसपास. राखाडी अंग, मानेला एक पांढरा आणि एक काळा पट्टा, डोळ्याभोवती लाल कातडी, डोक्यामागे विस्कटलेला तुरा, जाडजूड लालसर पाय. चोच बघाल तर थेट कोंबडीची. पण नातं कोंबडीशी नाही, बदकं आणि हंसांशी आहे. त्याच्या कुटुंबात जगभरात मिळून तीनच जाती आहेत आणि तिन्ही दक्षिण अमेरिकेतल्या. एक हा दक्षिणेकडचा चाहा. दुसरा कोलंबिया-व्हेनेझुएलातला, त्याची संख्या चिंता करण्याइतकी घटली आहे. तिसरा ॲमेझॉनच्या बाजूचा शिंगवाला, त्याच्या कपाळावर खरोखरच एक बारीक, लांब, पुढे झुकलेलं शिंग असतं.

आता याचं शरीर बघा. पक्ष्यांची हाडं पोकळ असतात हे आपण शाळेत शिकलो. चाहाच्या बाबतीत ही पोकळी पायाच्या बोटांपर्यंत जाते. त्यावर कातडीखाली बारीक बारीक हवेच्या पिशव्यांचा थर. त्यामुळे पक्षी उडायला उठला की त्याच्या अंगातून चरचर आवाज येतो. काठावर न हलता बसून राहिलं आणि जोडी चरत चरत दहा-बारा पावलांवर आली, की गळ्यातली हलकी घरघरही ऐकू येते. लांबून ज्याची नुसती बोंब ऐकू येते, त्या पक्ष्याचा हा जवळचा आवाज पहिल्यांदा ऐकला तेव्हा मी श्वास रोखून बसलो होतो.

आणखी दोन गोष्टी. जवळपास सगळ्या पक्ष्यांच्या बरगड्यांना मागे वळलेला हाडाचा एक छोटा आकडा असतो, तो पाठीमागच्या बरगडीवर टेकतो आणि छातीचा पिंजरा घट्ट राहतो. चाहाच्या कुटुंबात हा आकडा नाहीच. आणि बदकं पंखांची मोठी पिसं एकदम टाकतात, त्यामुळे काही आठवडे त्यांना उडता येत नाही. चाहा मात्र ती एकेक करून बदलतो, म्हणून बाराही महिने उडू शकतो. बदकांच्या गोतातला असूनही बोटांमध्ये पडदा जेमतेम बुडाशी. पण बोटं इतकी लांब की तरंगत्या गवतावर भार पसरतो आणि एवढा वजनदार पक्षी न बुडता चालत जातो. वेळ पडली तर पोहतोही छान.

आणि पंखावरचे काटे! प्रत्येक पंखाच्या पुढच्या सांध्याजवळ दोन अणकुचीदार काटे. आत हाड, वर नखासारखं टणक आवरण. मोठा काटा आपल्या बोटाच्या पेराएवढा सहज भरतो. पंख मिटलेले असले की पिसांत झाकून जातात, पण अंग ताणायला पंख उघडला की स्पष्ट दिसतात. हद्दीवरून दोन चाहांची जुंपली की हेच काटे चालतात. कधी कधी काटा मोडून दुसऱ्याच्या छातीत रुतून राहतो आणि मोडलेल्या जागी नवा येतो.

राहतो कुठे, तर जिथे पाणी उथळ आणि संथ आहे तिथे. इबेरा म्हणजे साधारण १३ हजार चौरस किलोमीटर, पुणे जिल्ह्याहून थोडी लहान. हजारो वर्षांपूर्वी पाराना नदी इथून वाहायची. नदीने पात्र बदललं, मागे हा खोलगट सपाट पट्टा राहिला. आज एकही मोठी नदी इथे पाणी आणून टाकत नाही. जे आहे ते पावसाचं. उतार इतका कमी की पाणी महिनोन्‌महिने गवतातून झिरपत सरकतं आणि शेवटी कोरिएन्ते नदीतून पारानाला मिळतं. वाटेत सरोवरं, लव्हाळ्यांची रानं आणि 'एम्बाल्सादो' म्हणजे तरंगती जमीन. मेलेल्या वनस्पतींचा थर साचत साचत इतका जाड होतो की त्यावर झुडपं उगवतात, दलदलीतलं हरीण चालतं. पाऊल टाकलं की सगळी जमीन हलते. खाली पाणी आहे हे पायाला कळतं, डोळ्याला कळत नाही.

चाहा याच गवतावर जगतो. पाने, कोवळे देठ, मुळं, बिया हे त्याचं खाणं. काठावर गायींच्या शेजारी गायींसारखाच चरताना दिसतो. तसं पाहिलं तर त्याला पाहायला इबेरापर्यंत यायचीही गरज नाही. ब्वेनोस आयरेसहून समुद्राकडे जाताना पाम्पाच्या, म्हणजे तिकडच्या गवताळ मैदानाच्या, सखल भागात पाणी साचलेलं असतं, तिथे कुंपणाच्या खांबांपलीकडे जोड्या उभ्या असतात. पण तिथे तो सुटा दिसतो. इबेरात तो नेमका कशासाठी असा घडलाय ते समजतं.

आवाजाबद्दल लिहिलं नाही तर धागा अपुरा राहील. नर-मादी दोघं मिळून ओरडतात, एकाचं संपायच्या आत दुसऱ्याचं सुरू. 'चा-हाऽ, चा-हाऽ'. तीन किलोमीटरपर्यंत ऐकू जातो असं म्हणतात आणि वारा पडलेला असला तर ते पटतं. माणूस, कोल्हा, होडी, काहीही हललं की पहिली हाक याची. मग बाकीची पाखरं सावध होतात. म्हणूनच तिथले मूळ रहिवासी ग्वारानी लोक आणि पुढे गुरं राखणारे गाउचो चाहाची पिल्लं पाळायचे. मोठा झालेला चाहा अंगणात कोंबड्यांबरोबर फिरतो, परका आला की गाव जागं करतो, आणि कोंबड्यांच्या पिल्लांवर झेपावणाऱ्या शिकारी पक्ष्यावर पंखाचे काटे घेऊन धावून जातो.

आणि हाच जाडजूड, जमिनीवरचा पक्षी दुपारी ऊन तापलं की हवेत उठतो. उठताना खूप कष्ट पडतात, पंखांचा फडफडाट लांबवर ऐकू येतो. पण एकदा वर गेला की पंख न हलवता घिरट्या घेत इतका उंच जातो की ठिपकाही दिसेनासा होतो. फक्त हाक ऐकू येत राहते.

कुणी पाहिला असेल, प्राणिसंग्रहालयात का होईना, तर जरूर लिहा.

सह्यवारा

काय सुंदर लिहिलंय! पंखाच्या काट्यांबद्दल वाचून लगेच कमळपक्षी आठवला. आमच्या तळ्यावरच्या कमळपक्ष्याचा एकदा जवळून फोटो मिळाला होता, त्यात पंखाच्या वळणावर असाच काटा दिसला. टिटवीलाही असतो ना? आणि तीही अशीच, जरा काही हललं की सगळ्या माळाला उठवते.

एक प्रश्न. चार किलोचा पक्षी, लांबून दिसतो, ओरडून स्वतःचा पत्ता सांगतो, माणसाला फारसा घाबरत नाही. मग आजवर शिकाऱ्यांच्या तावडीतून सुटला कसा?

पाणवठा

सह्यवारा, बरोबर. टिटवीला छोटा काटा असतो, कमळपक्ष्याला चांगला टोकदार. या तिघांचं आपसात जवळचं नातं नाही, प्रत्येकाकडे काटा स्वतंत्रपणे आलाय.

सुटला तो त्याच हवेमुळे. कातडीखाली, मांसाच्या थरांमध्ये पोकळी, त्यामुळे मांस स्पंजासारखं. शिजवलं की फेस येतो, हाताला काही लागत नाही. तिकडे म्हणच आहे, 'चाहासारखा, नुसता फेस', म्हणजे दिसायला भरघोस आणि आत काही नाही. ग्वारानी लोककथेत याची गोष्टही आहे. दोन मुली नदीवर कपडे धूत होत्या. एका तहानलेल्या वाटसरूने पाणी मागितलं. त्यांनी चेष्टेने साबणाचा फेस पुढे केला. तो वाटसरू साधा माणूस नव्हता, देव होता. त्या दोघींचे पक्षी झाले, अंगात मांसाऐवजी फेस घेऊन नदीकाठी ओरडत फिरू लागल्या. मला यात विशेष वाटतं ते असं की कथा रचणाऱ्याने पक्षी नीट हाताळलेला आहे. दोनच मुली का? कारण चाहा कायम जोडीने दिसतो.

गुरांचा डॉक्टर

धागा मनापासून आवडला. कातडीखालच्या हवेची चरचर वाचली आणि हात शिवशिवले. आमच्याकडे पावसाळ्याच्या तोंडाला गुरांना फऱ्या होतो. मांडीवर नाहीतर खांद्यावर सूज येते, ती बोटांनी दाबली की आत वायू असल्यामुळे चरचर आवाज येतो. त्या आवाजावरून रोग ओळखतो आम्ही, आणि तो ऐकला की पोटात गोळा येतो, कारण जनावर बहुतेक हातचं गेलेलं असतं. तीच चरचर एका पक्ष्यात निरोगीपणी, जन्मभर असते हे वाचून थक्क झालो.

डॉक्टरकीच्या नजरेने विचारतो: या हवेचा पक्ष्याला उपयोग काय?

पाणवठा

डॉक्टर, तुमचा प्रतिसाद वाचून मीच थक्क झालो. फऱ्याची खूण मला माहीत नव्हती.

उपयोगाबद्दल तीन विचार मांडले जातात. पाण्यावर तरंगायला मदत, उंच हवेत उबेसाठी थर, आणि भांडणात दुसऱ्याचा काटा शिरला तर आतल्या अवयवांना गादीसारखं संरक्षण. मला स्वतःला तिसरा सगळ्यात पटतो, कारण या पक्ष्याची खरी मारामारी आपल्याच जातीशी असते. शिवाय त्याची पिसंही अंगभर सलग असतात. बाकी बहुतेक पक्ष्यांत पिसं ओळींनी उगवतात आणि मध्ये उघड्या कातडीचे पट्टे असतात, याच्यात ते पट्टे जवळजवळ नाहीत. म्हणजे बाहेरून आतपर्यंत थरावर थर.

उजनीकाठ

मी शेतकरी माणूस, धरणाच्या फुगवट्याला रान आहे. रोहित आले की पुण्या-मुंबईची गर्दी होते, पण आमच्या डोळ्यासमोर वर्षभर हळदीकुंकू बदकं, वारकरी असतात. तुमच्यासारखंच वाटतं मला, रोजच्या पाखराकडे कुणी बघत नाही.

दोन गोष्टी विचारतो. एक, गवत खाणारा एवढा मोठा पक्षी आहे तर पिकात शिरत असणार. तिकडचा शेतकरी काय करतो? दोन, तुमच्या त्या दलदलीत जलपर्णी आहे का? पुण्याचं सांडपाणी खाली येतं आणि आमच्याकडे मैलच्या मैल पाणी हिरवं होऊन जातं. होडी हलत नाही, जाळं टाकता येत नाही. मासेमारीवर जगणारी घरं पार टेकीला येतात.

पाणवठा

उजनीकाठ, तुमचे दोन्ही प्रश्न थेट मुद्द्यावर आहेत.

आधी जलपर्णी. ती मूळची इथलीच, दक्षिण अमेरिकेची. इकडे तिला 'कामालोते' म्हणतात. पारानाला पूर आला की तिचे तराफे सुटून खाली वाहत येतात, आणि त्यावर बसून साप, बेडूक, कधी मोठी जनावरंसुद्धा शेकडो किलोमीटर प्रवास करतात. इबेरात ती आहे, पण उजनीसारखी माजत नाही. दोन कारणं. पाणी पावसाचं, त्यात खताचं आणि सांडपाण्याचं पोषण फार कमी. आणि तिला खाणारे किडे इथे तिच्याबरोबरच वाढलेत. त्यातले दोन भुंगे, निओकेटिना या वंशातले, १९८० च्या दशकात भारतातही आणून सोडले होते. काही तळ्यांत गुण आला, काही ठिकाणी नाही. सांडपाणी येतच राहिलं तर बिचारे भुंगे तरी किती खाणार? म्हणजे जिला आपण जलराक्षसी म्हणतो, ती माहेरी एक साधी पाणवनस्पती आहे. तिचा राक्षस झाला तो आपल्या पाण्यात.

आता पीक. हो, शिरतो. अर्जेंटिनातला बराचसा भात कोरिएन्तेस आणि शेजारच्या एन्त्रे रिओस प्रांतात होतो. भाताची खाचरं म्हणजे चाहाला आयतं उथळ पाणी आणि कोवळं हिरवं. विणीचा हंगाम सोडला की पिल्लं नसलेले पक्षी थव्याने हिंडतात, कधी शेकड्यांनी, आणि असा थवा कोवळ्या पिकात उतरला तर नुकसान होतं. शेतकरी हाकलतो, कधी बंदूकही काढतो. माझ्या ओळखीचे एक भातवाले म्हणतात, तुडवून होतं ते खाऊन होतं त्यापेक्षा जास्त. त्यांचा राग मला समजतो. पण तेच पुढे असंही सांगतात की रात्री गुरं चोरायला कुणी आलं तर आधी चाहा ओरडतो.

भाताचा खरा प्रश्न पाण्याचा आहे. खाचरांना पाणी द्यायला ओढे अडवायचे, कडेने बांध घालायचे. जिथे उतार एवढा कमी आहे तिथे एक लांबट बांधसुद्धा पाण्याची वाट बदलतो, एका बाजूला तुंबारा, दुसऱ्या बाजूला कोरड. इबेरात असाच एक बांध प्रकरण होऊन न्यायालयात गेला आणि तो काढण्याचा आदेश झाला. ज्यांच्या जमिनी त्या पाण्याखाली जात होत्या त्या गावकऱ्यांनीच तो लढा दिला होता.

रुणझुण

मुलीला झोपताना हा धागा वाचून दाखवला. तिला काटे आणि फेस दोन्ही फार आवडले. तिचे प्रश्न जसेच्या तसे देते: घरटं कुठे बांधतो? पिल्लांना पण काटे असतात का? आणि बाबा घरटं सांभाळतो की नुसता ओरडतो?

पाणवठा

रुणझुणताई, लेकीला सांगा की बाबा दोन्ही करतो.

घरटं जमिनीवर किंवा उथळ पाण्यात, लव्हाळी, बोरू, सुकं गवत यांचा मोठा ढीग रचून. नर-मादी दोघं रचतात. बसल्या जागेवरून मान लांब करून काड्या ओढायच्या आणि अंगाखाली दडपायच्या अशी पद्धत. अंडी साधारण तीन ते पाच, पांढुरकी. दोघं आळीपाळीने उबवतात, त्याला सहा आठवड्यांहून जास्त लागतात. घरच्या बदकापेक्षाही जास्त. पाण्याच्या पातळीवरच्या घरट्यात इतके दिवस बसायचं म्हणजे तेवढे दिवस पाणी एकदम चढूही नये आणि एकदम उतरूही नये. चढलं तर अंडी वाहून जातात, उतरलं तर कोल्ह्याला वाट मिळते.

पिल्लं पिवळट लवेची, बदकाच्या पिल्लांसारखी, आणि बाहेर आल्यावर लवकरच आईबाबांमागे चालायला लागतात. त्यांना भरवावं लागत नाही, दाखवावं लागतं. आई गवताचं टोक चोचीत धरून खाली टाकते, पिल्लू उचलतं. काटे मोठेपणी येतात. तोवर दोघांच्या मध्ये चालायचं. एक पुढे, एक मागे, मध्ये पिवळे गोळे, आणि वर कारांचो नावाचा शिकारी पक्षी दिसला की दोघंही मान वर करून ओरडतात.

कातळवाट

लेख चांगला आहे, पण थोडं वेगळं मत मांडतो. चाहा धोक्यात नाही, त्याची नोंद 'कमीत कमी चिंता' या गटात आहे हे तुम्हीही नाकारणार नाही. जग्वार, मुंगीखाऊ, लाल-हिरवे मकाव हे तिथून संपले होते, ते परत आणले. लोकांचं लक्ष तिकडे गेलं तर त्यात चूक काय? पैसा आणि पर्यटक त्यांच्यामुळेच येतात, त्याचा फायदा चाहालाही होतोच. आणि दुसरी बाजूही लिहायला हवी होती: ही सगळी जमीन एका परदेशी धनिकाने विकत घेतली होती. स्थानिकांचं काय?

पाणवठा

कातळवाट, दोन्ही मुद्दे गंभीर आहेत, म्हणून जरा लांब उत्तर देतो.

जमिनीचं आधी. डग्लस टॉम्पकिन्स आणि त्यांची पत्नी क्रिस यांनी १९९० च्या दशकाच्या शेवटापासून तिथे जमिनी घेतल्या. तेव्हा कोरिएन्तेसमध्ये प्रचंड संशय होता, अमेरिकन माणूस आमचं पाणी न्यायला आलाय असं उघड बोललं जायचं. तो संशय मला अवाजवी वाटत नाही, परका माणूस एवढी जमीन घेतो तेव्हा गावाने विचारलंच पाहिजे. टॉम्पकिन्स २०१५ च्या डिसेंबरात चिलीमध्ये गेले. त्यानंतर जवळजवळ दीड लाख हेक्टर जमीन देशाला दिली गेली आणि २०१८ च्या डिसेंबरात इबेरा राष्ट्रीय उद्यान झालं. पण त्याच्याही आधी, १९८३ मध्ये प्रांताने इथे राखीव क्षेत्र केलं होतं, आणि पहिले वनरक्षक म्हणून नेमले ते तिथले मुरलेले शिकारी. 'मारिस्कादोर' म्हणतात त्यांना. लांब काठीने होडी ढकलत आठवडेच्या आठवडे दलदलीत राहून मगरी, कापीबारा (पाण्याकाठी राहणारा, कुत्र्याएवढा कुरतडणारा प्राणी), पाणमांजरं यांची कातडी आणणारे. दलदलीची वाट न् वाट त्यांना ठाऊक. आज कोलोनिआ कार्लोस पेलेग्रिनी या इबेराकाठच्या गावात होडी चालवणारे वाटाडे पाहिले तर बऱ्याच जणांच्या घरात आजोबा मारिस्कादोर होते. स्थानिकांचा वाटा इथून सुरू होतो.

आता जग्वार आणि चाहा. जग्वार परत आला याचा मला अतोनात आनंद आहे. माझं म्हणणं एवढंच की जग्वार आणता येतो, पाणी असं आणता येत नाही. २०२० पासून तीन वर्षं ला निन्यामुळे, म्हणजे प्रशांत महासागराचं पाणी नेहमीपेक्षा थंड पडल्यामुळे, पाऊस रुसला. इबेराचं पाणी पावसाचं, त्यामुळे ते वरून थांबलं की मागून भरून द्यायला नदी नाही. तळी आटली. तरंगत्या जमिनी तळाला टेकल्या आणि सुकल्या. २०२२ च्या जानेवारी-फेब्रुवारीत कोरिएन्तेस पेटलं तेव्हा प्रांताचा जवळजवळ एक दशांश भाग जळाला, पाइनच्या लागवडी, कुरणं आणि पाणथळसुद्धा. दलदल जळते हे ऐकायला विचित्र वाटतं, पण तो सुकलेला थर म्हणजे वर्षानुवर्षं साठलेलं सरपण. वरून विझला तरी आतून धुमसत राहतो.

उडणारा पक्षी आगीतून निसटतो. घरटं निसटत नाही, ज्यांना अजून पंख फुटले नाहीत ती पिल्लं निसटत नाहीत. आणि निसटलेल्या पक्ष्याला उतरायला उथळ हिरवं पाणी लागतं. त्या दिवसांत उरलेल्या डबक्यांभोवती काय दृश्य होतं ते वाटाड्यांकडून ऐकलंय: मगरी, कापीबारा, हरणं, चाहा, सगळे एकाच चिखलात, एकमेकांना खेटून. ज्याला आपण 'चिंता नको' म्हणतो त्याची संख्या मोठी आहे हे खरं. पण ती संख्या अशा हजारो साध्या, बिननावाच्या, उथळ पाण्यांवर उभी आहे, आणि त्यांतली बहुतेक उद्यानाबाहेर, कुणाच्या तरी कुरणात आहेत. ती भरून टाकली तर बातमी होत नाही. म्हणून मी चाहाकडे बघतो. जोडीला वीण करावीशी वाटली म्हणजे तिथलं पाणी अजून ठीक आहे.

कातळवाट

उत्तर पटलं. उद्यानाबाहेरच्या पाण्याचा मुद्दा माझ्या ध्यानात आला नव्हता. आमच्या सड्यावर पावसाळ्यात साचणारी डबकीही अशीच, सातबाऱ्यावर 'पोटखराब' आणि आता त्यावर मुरूम पडतोय.

वैनगंगा

मी गोंदियाचा. आमच्याकडे सारस आहे, महाराष्ट्रात जवळजवळ इथेच उरलाय. सारसही असाच जोडीने राहतो, दोघं मान वर करून एकत्र ओरडतात, घरटं धानाच्या बांधीत पाण्यात रचतात. फरक एवढाच की सारस धोक्यात आहे आणि तुमचा चाहा नाही. आमचे शेतकरी घरट्याभोवतीचं धान तेवढं कापायचं सोडतात, गावातली पोरं राखण करतात. तरी विजेच्या तारा आणि शेतातली औषधं यांनी पक्षी मरतात. तळी आटली, बोड्या बुजल्या. धाग्यातलं ते सहा आठवडे पाणी स्थिर राहायला हवं हे वाक्य वाचलं आणि वाटलं, अगदी आमचीच गोष्ट आहे. जमलं तर तिकडच्या भातशेतीत घरटं राखायची काही रीत आहे का ते लिहा.

पाणवठा

वैनगंगा, तुमच्या गावाने जे केलंय तशी रीत इकडच्या भातात मी पाहिलेली नाही. शेतं फार मोठी, कापणी यंत्राने, मालक शहरात. घरटं वाचतं ते यंत्र चालवणाऱ्याने वेळेवर पाहिलं तर. गुरांच्या कुरणात मात्र चाहा सुखात असतो, कारण तिथे पाणी उपसत नाहीत आणि गवत कापत नाहीत. तुमच्या पोरांच्या राखणीबद्दल वेगळा धागा काढाच. मी इथल्या पक्षिमित्रांना तो वाचून, सांगून दाखवीन.

सह्यवारा

शेवटचं विचारतो. पुढेमागे यायचं ठरवलं तर कधी आणि कसं यावं?

पाणवठा

ऑगस्ट ते नोव्हेंबर चांगला काळ. उन्हाळा चढलेला नसतो, जोड्या हद्दी धरायला लागतात, ओरडा जोरात असतो. ब्वेनोस आयरेसहून रात्रीच्या बसने मर्सेडीस गाठायचं, तिथून कोलोनिआ कार्लोस पेलेग्रिनी साधारण १२० किलोमीटर. रस्त्याचा काही भाग कच्चा, जोराचा पाऊस झाला तर एक दिवस मर्सेडीसलाच थांबावं लागेल, तशी सोय ठेवून या. पोसादासच्या बाजूनेही रस्ता आहे, पण चिखल जास्त, साध्या गाडीने नको.

गावात राहायला छोटी घरगुती ठिकाणं आहेत. होडी सकाळी लवकर आणि संध्याकाळी अशी दोनदा घ्या. वाटाड्याला सुरुवातीलाच सांगा की चाहाजवळ थांबायचं आहे, नाहीतर तो सवयीने पुढे मगरींकडे नेईल. होडीचं इंजिन लांबूनच बंद करायला लावा, मग तो काठीने ढकलत नेतो. पहाटे गारठा असतो, स्वेटर हवाच, आणि डासांसाठी पूर्ण बाह्यांचा शर्ट. दुर्बीण आठ पटीची पुरे. मोठी लेन्स आणलीत तर पंखाच्या काट्यासाठी तयार राहा: चरून झालं की पक्षी एक पाय मागे ताणतो आणि त्याच बाजूचा पंख उघडतो, दोन-तीन सेकंदच.